शीर्षक कापायचंय? जरा दमानं

भावा, वेबसाइटच्या यादीच्या पानावर लेखांची शीर्षकं लांबडी होतात म्हणून पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतलं मजकूर कापायचं ‘सबस्ट्र’ फंक्शन लावू नकोस. ते अक्षरं नाही, बाइट (साठवणीचं माप) मोजतं, आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं. ‘कोल्हापूर’ दिसायला चार अक्षरी, आत काना, मात्रा, हलन्त वेगळे धरून ९ चिन्हं, म्हणजे २७ बाइट. १० बाइटवर कापलंस की शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येणारच. बाइटऐवजी चिन्हं मोजणाऱ्या ‘एमबी-सबस्ट्र’नं ते जातं, पण ४ चिन्हांवर कापलं तर ‘कोल्’ उरतं, पाय मोडलेलं. लई वंगाळ दिसतं.

त्यापेक्षा सीएसएसचं (पानाचं रूप ठरवणारी भाषा) ‘लाइन-क्लॅम्प’ वापर, दोन ओळींवर थांबव. मजकूर एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या मूळ कोडमध्ये, अख्खा राहतो, त्यामुळं सर्च इंजिनला आणि स्क्रीन रीडरला (अंधांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) पूर्ण शीर्षक मिळतं. फक्त ओळींमधलं अंतर थोडं वाढव, नाहीतर वेलांट्या-उकार छाटले जातात. सर्व्हरवरच कापायचं असेल तर शब्द मोजून काप.

आणि खरं सांगू? निम्मं दुखणं लिहिण्यातच असतंय. ‘पावसाळ्यात कोल्हापूरला आलात तर न चुकता पाहावा असा राऊतवाडी धबधबा’ यात कापल्यावर धबधबाच गायब! ‘राऊतवाडी धबधबा: पावसाळ्यात कसं जायचं’ असं लिही, मग शेपूट गेलं तरी चालतंय.