स्लाइड गिटार शिकायचीय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

ब्लूजवरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतावरच्या, लेखानंतर स्लाइड गिटारबद्दल बरेच प्रश्न आले, त्यातले निवडक इथे घेतलेत. ज्यांनी हे वाद्य पाहिलेलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, गिटार नेहमीसारखीच धरायची, डाव्या हाताच्या एका बोटात काचेची किंवा धातूची नळी घालायची आणि तारा बोटाने दाबायच्या ऐवजी ती नळी तारांवरून सरकवत वाजवायचं. बोटातल्या नळीलाच स्लाइड म्हणतात.

प्रश्न : दादा, मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. साधी अकॉस्टिक वाजवतो, कॉर्ड्स बऱ्यापैकी येतात. ऑनलाइन स्टीलची स्लाइड मागवली पण वाजवली की नुसती खडखड होते, सूर बेसूर लागतो आणि मागे काहीतरी भुणभुण चालूच राहते. गिटार खराब आहे का माझा हात खराब आहे?

दोन्ही ठीक आहे. तू तीन तक्रारी एकत्र लिहिल्यास पण तिन्हीची कारणं वेगळी आहेत म्हणून एकेक बघू.

खडखड होते कारण तू दाबतोयस. कॉर्ड्स (एकदम वाजणारे तीन-चार सूर) वाजवून हाताला दाबायची सवय लागलेली असते आणि स्लाइड दाबली की ती खालच्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर, आपटणारच. स्लाइड तारेला फक्त टेकवायची, तार खाली जाता कामा नये. पोळीची कड लाटताना लाटण्यावर जेवढा हलका हात असतो साधारण तेवढाच. आणि अगदी हलका ठेवलास तर तार झणझणेल, म्हणजे सूर नीट न लागता चरचर येईल, या दोन्हीच्या मधली जागा हातालाच सापडते, ती वाचून कळत नाही. गिटारच्या तारा फार खाली असतील, म्हणजे ॲक्शन कमी असेल, तर मात्र कितीही हलका हात ठेवलास तरी आपटेल. बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात अडीच-तीन मिमी जागा असली की स्लाइडला बरं पडतं. तारा पण जरा जाड घे, १२ चा सेट, पातळ तारा स्लाइडच्या वजनाने खाली बसतात.

बेसूर लागतोय त्याचं कारण जागा. बोटाने वाजवताना आपण दोन फ्रेटच्या मधे दाबतो, स्लाइडला तसं चालत नाही, इथे स्लाइड जिथे टेकते तोच सूर, त्यामुळे ती बरोबर फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या वर यायला हवी. शिवाय स्लाइड फ्रेटला समांतर पाहिजे, तिरकी झाली की एक तार सुरात आणि दुसरी बाहेर. आपण वरून वाकून बघतो ना, तिथे डोळा फसवतो, स्लाइड फ्रेटच्या वर काही मिमी उंचावर असल्यामुळे तिरक्या नजरेने बरोबर वाटते पण असते पुढे-मागे. म्हणून डोळ्याने अंदाज घ्यायचा आणि पक्कं कानाने करायचं. नेहमीच्या साडेपंचवीस इंच स्केलच्या (तारेच्या वाजत्या लांबीच्या) गिटारवर पहिला फ्रेट नटपासून, म्हणजे खुंट्यांकडे तारा टेकतात त्या पट्टीपासून, साधारण ३६ मिमी असतो आणि अकराव्या-बाराव्या फ्रेटमधलं अंतर फक्त १९ मिमी, म्हणजे वरच्या भागात एक मिमी चुकलास तरी जाणकार कानाला ते कळतं. सुरुवात पाचव्या ते नवव्या फ्रेटच्या पट्ट्यात कर, बारावा नंतर.

आता भुणभुण. ही खरी महत्त्वाची, आणि बहुतेक शिकणारे इथेच कंटाळून सोडून देतात म्हणून सविस्तर लिहितो. स्लाइड तारेला टेकली की तारेचे दोन तुकडे होतात, एक ब्रिजकडचा (ब्रिज म्हणजे गिटारच्या पोटावर तारा टेकतात ती पट्टी), तो आपल्याला हवा असतो, आणि दुसरा नटकडचा, तो कोणी मागितलेला नसतो पण तोही थरथरतो आणि भलताच सूर काढतो. त्याला गप्प करायचं काम डाव्या हाताच्या मागच्या बोटांचं. स्लाइड करंगळीत किंवा अनामिकेत घातली असेल तर तर्जनी आणि मधलं बोट स्लाइडच्या मागे, नटच्या बाजूला, तारांवर अलगद टेकलेलं राहायला हवं, स्लाइड जिथे जाईल तिथे मागोमाग. दाबायचं नाही, नुसता स्पर्श.

आणि उजवा हात. जी तार वाजवतोयस ती सोडून बाकी पाचही तारा बंद पाहिजेत, कारण स्लाइड त्यांनाही घासून जाते आणि त्या बोलायला लागतात. पिक (तारा छेडायची छोटी चकती) काही दिवस बाजूला ठेव. पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक, तार वाजवायची असेल तर अंगठा खालच्या सुरांच्या जाड तारांवर आडवा, तर्जनी तिसऱ्या तारेवर, मधलं बोट दुसऱ्यावर टेकवलेलं आणि अनामिकेने पहिली तार छेडायची. आधी फार अवघडल्यासारखं वाटेल. व्यायाम एकच सांगतो, पहिल्या तारेवर पाचव्या फ्रेटला सूर लाव, सातव्यावर सरक, थांब, परत ये, आणि ऐक की या सुराशिवाय खोलीत दुसरा काही आवाज येतोय का. येत असेल तर कुठल्या तारेचा ते शोध आणि ती बंद कर. मग हेच दुसऱ्या तारेवर, तिसऱ्यावर. माझं मत स्पष्ट आहे, हे जमेपर्यंत कुठलंही गाणं बसवायला घेऊ नये. व्हायब्रॅटो, म्हणजे स्लाइड हलवून सूर थरथरवणं, पण नको. आधी सरळ सूर नीट उभा राहू दे, नाहीतर हात हलवून बेसूरपणा झाकायची सवय लागते आणि ती नंतर जाता जात नाही.

प्रश्न : मी ठाण्याची, बरीच वर्षं शास्त्रीय गायन शिकले आहे. मुलाची गिटार घरी पडून आहे. स्लाइडवर मींड छान निघते असं ऐकलं. ट्युनिंग कुठलं लावू आणि सरगम कुठे सापडेल?

ताई, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण स्लाइडसाठी जे सगळ्यात अवघड असतं, म्हणजे सूर कुठे आहे हे कानाला कळणं, ते तुमच्याकडे आधीच आहे.

ओपन डी ट्युनिंग लावा, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की डी मेजर कॉर्ड वाजेल. सहावी तार ई वरून डी, तिसरी जी वरून एफ शार्प, दुसरी बी वरून ए, पहिली ई वरून डी, पाचवी आणि चौथी आहे तशीच. बदलायच्या चारही तारा सैल होतात, एकही ताणावी लागत नाही, म्हणून तुटायची भीती नाही. आता पांढरी दोनचा, म्हणजे डीचा, सा धरा आणि जाड तारेपासून वाजवत या, सा प सा ग प सा. आहे की नाही ओळखीचं! पहिल्या तारेवर मोकळी तार सा, दुसऱ्या फ्रेटला रे, चौथ्याला ग, पाचव्याला म, सातव्याला प, नवव्याला ध, अकराव्याला नी, बाराव्याला वरचा सा. कोमल ग तिसऱ्याला, कोमल नी दहाव्याला. भूप घ्या सुरुवातीला, ० २ ४ ७ ९ १२ एवढंच आहे, एका तारेवर आरोह-अवरोह करा, मोबाइलवर तानपुरा लावून.

इथे एक गोष्ट तुम्हाला लगेच जाणवेल. चौथ्या फ्रेटच्या बरोबर वर स्लाइड ठेवलीत तर तो ग तानपुऱ्याशी जरा चढा वाटेल. फ्रेट हे हार्मोनियमसारखे समान भागांत वाटलेले असतात आणि तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध ग त्यापेक्षा थोडा उतरा असतो. स्लाइडला फ्रेटचं बंधन नाही, किंचित नटच्या बाजूला सरका आणि ग तानपुऱ्यात मिसळला की थांबा. गिटार शिकलेल्या मुलांना हे समजायला वेळ लागतो कारण फ्रेटने सूर तयार करून दिलेला असतो.

गंमत म्हणजे मिसिसिपीच्या ब्लूजवाल्यांचा ग असाच फ्रेटवर न सापडणारा आहे, तो कोमल आणि शुद्धच्या मधे कुठेतरी लागतो आणि प्रत्येकाचा जरा वेगळा. ब्लाइंड विली जॉन्सन नावाचा टेक्ससचा गायक होता, त्याने १९२७ साली डलासला रेकॉर्ड केलेली एक धून १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर अंतराळात पाठवली गेली. तिच्यात शब्द नाहीतच, नुसतं गुणगुणणं आणि त्याच्या मागोमाग त्याच सुरात जाणारी स्लाइड. ती नक्की ऐका, तुम्हाला गायकीच्या अंगानेच कळेल ती. आणि तसाच रियाज करा, आधी गळ्याने म्हणा, मग स्लाइडने तेच. मींड घेताना पोचायचा स्वर मनात आधी पाहिजे, नाहीतर नुसती घसरगुंडी होते.

एक अडचण येईल, पांढरी दोनला तुम्हाला गाता येणार नाही कदाचित. तुमची पट्टी काळी चार असेल तर ओपन जी लावा, म्हणजे डी जी डी जी बी डी, आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा. मग तारा प सा प सा ग प अशा होतात. पण महिना-दोन महिने ओपन डीच वापरा, पहिली तार सा असली की डोक्याला सोपं जातं.

प्रश्न : काचेची घेऊ की पितळी? कुठल्या बोटात घालायची? दुकानदार प्रत्येक वेळी महागडी दाखवतो. (पुण्याहून)

महागडी नको. काचेचा आवाज गोल आणि मऊ, पितळ-स्टीलचा जास्त उजळ आणि थोडा खरखरीत, बाकी फरक वजनाचा. जड स्लाइडने सूर जास्त वेळ टिकतो पण नवीन माणसाचा हात दाबला जातो, म्हणून मी मध्यम जाडीची काच सुचवेन. बोटात घट्ट बसली पाहिजे, बोट उलटं केल्यावर निसटता कामा नये, पण अडकून रक्त थांबेल इतकीही घट्ट नको. लांबी सहाही तारा झाकेल एवढी.

या वाद्याचा इतिहासच हाताला मिळेल त्या वस्तूचा आहे. डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय की मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर त्याने एका माणसाला तारांवर सुरी दाबून गिटार वाजवताना ऐकलं, ही १९०३च्या सुमाराची गोष्ट. नंतर बाटलीच्या मानेचे तुकडे आले. अमेरिकेतला रॉक गिटारवादक ड्वेन ऑलमन सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली अनामिकेत घालून वाजवायचा आणि तिथलाच लोवेल जॉर्ज पान्याचा सॉकेट वापरायचा. पण घरी बाटली कापू नका, मनापासून सांगतो, काचेची कड नीट घासली नाही तर बोट कापतं आणि ती धूळ नाकात जाते ती वेगळीच. हार्डवेअरच्या दुकानातला सॉकेट किंवा गुळगुळीत कडेचा पाइपचा तुकडा चालेल.

बोटाबद्दल, करंगळीत घातली तर तीन बोटं मोकळी राहतात, मधे कॉर्ड धरता येते. अनामिकेत पकड जास्त मजबूत. अमेरिकन गायिका-गिटारवादक बॉनी रेट मधल्या बोटात घालते आणि काय सुंदर वाजवते, पण मग मागे म्यूट करायला, म्हणजे तारा गप्प करायला, एकच बोट उरतं. करंगळीने सुरू करा, फारच अशक्त वाटली तर अनामिका.

प्रश्न : नागपूरहून लिहितोय, वय ७१. घरात जुनी हवाइन गिटार आहे, मांडीवर आडवी ठेवून स्टीलच्या कांडीने वाजवायची. तरुणपणी त्यावर सिनेमाची गाणी वाजवायचो. तुमची स्लाइड गिटार म्हणजे हेच का? त्यावर ही नळी चालेल का?

काका, नातं सख्खं आहे, पद्धत वेगळी. तुमच्या गिटारचं मूळ हवाई बेटांत, १८८९च्या सुमाराला जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने स्टीलच्या तुकड्याने तारा वाजवायला सुरुवात केली असं मानलं जातं. १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत हवाइन संगीताची लाटच आली, पुढे ते वाद्य कलकत्त्याला रुजलं आणि तिथून आपल्या ऑर्केस्ट्रात आणि घराघरात आलं. जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा यांनी त्यावर राग वाजवले, शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची १९६७ची रेकॉर्ड तुमच्याकडे असेलच बहुतेक. त्यानंतर विश्वमोहन भट्ट यांनी याच गिटारमध्ये बदल करून मोहनवीणा केली आणि राय कूडर या अमेरिकन स्लाइडवाल्याबरोबरच्या अल्बमसाठी १९९४ मध्ये दोघांना ग्रॅमी मिळालं. तो अल्बम मुद्दाम ऐका, एकजण मांडीवर आडवी घेऊन कांडीने वाजवतोय आणि दुसरा बोटात नळी घालून उभ्या गिटारवर, आणि कोणाचा सूर कुठे संपतो ते कळत नाही.

नळीने वाजवायला जाऊ नका. तुमच्या गिटारची मान चौकोनी असेल तर ती हातात नीट धरताच येणार नाही आणि तारा उंच असल्यामुळे मागच्या बोटांनी म्यूट करणं कठीण. कांडीच वापरा, तुमच्या हाताला ती सवय अजून असणार. फक्त आधी तारा बदला, जुन्या गंजलेल्या तारा ताणल्या की तुटून डोळ्याला लागायची भीती असते. आणि इंटरनेटवर डोब्रोचं (धातूची थाळी बसवलेल्या गिटारचं) जी बी डी जी बी डी ट्युनिंग दिसलं तर साध्या सेटवर लावू नका, सहावी तार ई वरून जी पर्यंत चढवावी लागते, त्यासाठी वेगळ्या तारा मिळतात. नातवंडांपैकी कोणाला शिकायचं असेल तर साध्या गिटारवर नट उंच करायची धातूची पट्टी मिळते, ती बसवली की तीच गिटार मांडीवर आडवी घेता येते. तुम्ही शेजारी बसून शिकवा.

प्रश्न : ट्युनिंग न बदलता स्लाइड वाजवता येते का? सारखं बदलायचा कंटाळा येतो.

येते. चौथी, तिसरी, दुसरी या तारा नेहमीच्या ट्युनिंगमध्ये डी जी बी असतात, म्हणजे तयार जी मेजर. या तीनच तारांवर मोकळी जी, पाचव्या फ्रेटला सी, सातव्याला डी, एवढ्यात ब्लूजच्या तिन्ही कॉर्ड झाल्या. बाकी तीन तारा बंद ठेवायची शिस्त मात्र दुप्पट लागते.

प्रश्न : माझ्या आवडत्या वादकाचं सगळं ओपन ई मध्ये आहे. लावलं तर नेक (गिटारची मान) वाकेल का?

पाचवी, चौथी आणि तिसरी तार वर चढते त्यामुळे ताण वाढतो, इलेक्ट्रिकवर पातळ तारा असतील तर सहसा काही होत नाही पण जुन्या अकॉस्टिकवर मी ते करणार नाही. ओपन डी लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावा, सूर तेच मिळतात. रेकॉर्डबरोबर वाजवताना फ्रेट मात्र कॅपोपासून मोजायचे, त्यामुळे त्याचा बारावा फ्रेट तुमच्या चौदाव्यावर येईल.