सिटीज: स्कायलाइन्स या शहर वसवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये रस्ता सहापदरी केला तरी ट्रक एकाच लेनमध्ये तुंबतात. आता उड्डाणपूल टाकू की एखादा मोड (गेममध्ये वरून टाकायची, खेळाडूंनीच बनवलेली जोडणी)?

उड्डाणपूल अजिबात नको. पूल टाकायचा सल्ला मलाही माझ्या आतेभावाने दिला होता. तो सिव्हिल इंजिनिअर, त्यामुळे रस्त्यांच्या बाबतीत आमच्या घरात त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

दिवाळीत दादा आमच्याकडे आला होता. माझ्या शहराचा अख्खा इंडस्ट्रीचा पट्टा हायवेच्या एकाच एक्झिटवर लटकलेला, ट्रकांची रांग थेट हायवेवर आलेली. दादा चहाचा कप घेऊन मागे उभा. "रस्ता रुंद कर, वरून पूल टाक. साधी गोष्ट आहे." गेम सेव्ह केला आणि माउस त्याच्याच हातात दिला. त्याने रस्त्यालगतचे कारखाने धडाधड पाडले, रस्ता सहापदरी केला, वर पूल चढवला. रांग गायब! घरभर कौतुक. थोड्या वेळाने तीच रांग पूल उतरतो तिथल्या सिग्नलला लागली. तीही एकाच लेनमध्ये, शेजारच्या दोन ठणठणीत मोकळ्या. "गेमच गंडलाय," म्हणून दादा फराळाला निघून गेला.

गेम गंडलेला नाही. २०१५ च्या या पहिल्या भागात गाडी निघतानाच रस्ता ठरवते, मुख्यतः अंतर आणि वेगमर्यादा बघून. मग पुढे कितीही तुंबलेलं असो, ती बेत बदलत नाही. पुढच्या वळणाची लेनही बरीच आधी धरून बसते. सगळ्यांनाच डावीकडे वळायचं असेल तर सगळे डावीकडेच उभे राहणार. मोरी तुंबलीय आणि तुम्ही नळ मोठा करताय.

दादाची करंजी संपेपर्यंत मी जुना सेव्ह लोड केला, ट्रॅफिक रूट्स उघडलं आणि तुंबलेल्या रस्त्यावर क्लिक केलं. २०१७ पासून ही सोय गेममध्येच आहे, तरी लोक वापरत नाहीत. तिथून जाणाऱ्या गाड्यांचे मार्ग रेषांनी दिसतात, ट्रक वेगळ्या रंगात. तर बहुतेक ट्रकांना हायवेने कुठे जायचंच नव्हतं! हायवेपलीकडच्या दुकानांना माल पोचवायला त्यांना तेवढी एकच वाट होती. हायवेखालून साधा दुपदरी रस्ता काढला, एक्झिटला चिकटलेले चौक उडवले, उरलेल्या एका चौकाचा सिग्नल बंद केला. रांग विरली. दादाने पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "खऱ्या शहरात असं चालत नाही."

खऱ्या शहराचंच बोलायचं तर पुण्यात विद्यापीठ चौकातला जो पूल तो आम्हाला कौतुकाने दाखवायचा, तो २०२० मध्ये पाडला. मेट्रोच्या कामासाठी पाडला, हे मान्य. पण पूल असतानाही दादा रोज त्याच रस्त्याने ऑफिसला जायचा आणि घरी आल्यावर ट्रॅफिकला शिव्या द्यायचा, त्याचं काय?

मोडचं विचारलंत ते राहिलंच. ट्रॅफिक मॅनेजर: प्रेसिडेंट एडिशन घ्या, कुठल्या लेनमधून कुठे वळायचं ते हाताने जोडता येतं. फार वेळ अडकलेल्या गाड्या गेम गुपचूप गायब करतो, ते या मोडमध्ये बंदही करता येतं. पण जाम सुटेपर्यंत तो मोह आवरा. नाहीतर शववाहिका अडकतात, घराघरात प्रेतं पडून राहतात आणि वस्ती ओस पडते.

कन्सोलवर खेळत असाल तर हा मोड विसरा. आणि २०२३ चा दुसरा भाग असेल तर तिथली माणसं वेळेबरोबर पैसे आणि सोयही बघतात, त्यामुळे लेनचं वरचं रडगाणं तसंच्या तसं लागू नाही. रूट्स बघितल्याशिवाय रस्ता रुंद करायचा नाही, हे मात्र तिथेही खरं. दादालाही हे उत्तर पाठवतोय, त्याने इथेच खाली येऊन वाद घालावा.