फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णासाठी ऑनलाइन व्यायामाचा कार्यक्रम घ्यावा का? घेतला तर कोणता?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, चौथी स्टेज. केमो आणि इम्युनोथेरपी (शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं) दोन्ही चालू आहेत आणि खोलीतल्या खोलीत चाललं तरी दम लागतो. इंटरनेटवर दिसणारे व्यायामाचे कार्यक्रम त्यांच्या उपयोगाचे आहेत का, धोका किती, निवड कशी करायची, असं तुम्ही विचारताय. शिवाय वडील म्हणतात, "आता व्यायाम कशाला?" मी फिजिओथेरपिस्ट आहे. श्वसनाच्या रुग्णांचं पुनर्वसन हेच माझं काम आणि त्यातले बरेच वर्ग मी स्क्रीनवरूनच घेते.

माझं उत्तर आहे: हो, घ्या. मात्र निवडताना कार्यक्रमात व्यायाम कोणते आहेत हे पाहत बसू नका. व्यायाम सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच असतात. पहिला व्यायाम करून घेण्याआधी ते लोक तुमच्या वडिलांबद्दल काय काय विचारतात, ते पाहा.

आधी दम लागण्याबद्दल, कारण वडिलांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. फुप्फुसाचा कॅन्सर म्हणजे दम फुप्फुसामुळेच लागणार, असं आपण धरून चालतो. गाठ, छातीत साठलेलं पाणी, जोडीला असलेला जुना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा आजार), उतरलेलं हिमोग्लोबिन ही कारणं असतातच. पण पायांकडे कोणी बघत नाही. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने मांड्या वाळत जातात. स्टेरॉइडं बरेच दिवस चालली तर तीही मांड्यांचे आणि खुब्याभोवतीचे स्नायूच दुबळे करतात. असे स्नायू थोड्याशा चालण्यानेही थकतात, त्यांच्यात आम्ल लवकर तयार होतं आणि ते निस्तरायला शरीर श्वास वाढवतं. मग आणखी दम, आणखी बसणं. व्यायामाने फुप्फुसाची क्षमता वाढत नाही, आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण स्नायू सुधारले की तेवढ्याच चालण्याला श्वास कमी पुरतो. वडिलांना जो फरक जाणवेल तो हाच.

म्हणूनच नुसते श्वासाचे व्यायाम शिकवणारे कार्यक्रम मला अपुरे वाटतात. श्वास ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायचं ते स्पायरोमीटर ऑपरेशननंतर आपल्या जागी ठीक आहे, पण त्याने मांड्यांत ताकद येत नाही. आणि श्वास रोखून धरायला किंवा जोरजोरात फेकायला लावणारे प्रकार आधीच धाप लागणाऱ्या माणसाला मी करायला देत नाही.

अभ्यास काय सांगतात? अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २०१९ मध्ये कॅन्सरच्या रुग्णांसाठी व्यायामाची शिफारस प्रसिद्ध केली. आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं मध्यम जोराचं चालणं वगैरे आणि दोनदा ताकदीचे व्यायाम, असं साधारण प्रमाण त्यात आहे. थकवा, चिंता, उदासी आणि रोजची कामं करण्याची क्षमता यांत फायदा दिसतो, असा त्यांचा निष्कर्ष. हे सगळ्या कॅन्सरांना धरून आहे. तुमच्या वडिलांनी पहिल्याच आठवड्यात ३० मिनिटं गाठायला जाऊ नये. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीने २०२२ मध्ये रोग बरा करण्याच्या हेतूने उपचार चालू असताना व्यायाम सुचवावा, असं सांगितलं आणि फुप्फुसाच्या ऑपरेशनआधीच्या व्यायामाची वेगळी शिफारस केली. (हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या घरी ऑपरेशन ठरलं असेल, तर हातात असलेले दोन-चार आठवडे दवडू नका. मात्र व्यायामासाठी ऑपरेशन पुढे ढकलायचं नाही.)

चौथ्या स्टेजबद्दलचे अभ्यास कमी आहेत आणि लहान आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चौथ्या स्टेजच्या फुप्फुसाच्या किंवा आतड्याच्या कॅन्सरचे ६६ रुग्ण होते. घरच्या घरी चालणं आणि ताकदीचे सोपे व्यायाम करणाऱ्यांची आठ आठवड्यांत हालचाल, थकवा आणि झोप सुधारली. ऑस्ट्रेलियातल्या २०१९ च्या एका अभ्यासात ऑपरेशन शक्य नसलेले फुप्फुसाच्या कॅन्सरचे ९२ रुग्ण होते. घरी व्यायाम करणाऱ्या गटाचं सहा मिनिटांत चालण्याचं अंतर दुसऱ्या गटापेक्षा वाढलं नाही. पण सहा महिन्यांनी त्यांचा त्रास कमी होता आणि जगणं जास्त सुसह्य होतं. मी घरच्यांना हा अभ्यास आवर्जून सांगते, कारण उपचार चालू असताना माणूस आहे तिथे टिकून राहिला, तर तीही मोठी मिळकत असते.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास तिसरा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या हॉस्पिटलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलेले ५१६ रुग्ण होते आणि पुनर्वसन दुरूनच, मुख्यतः फोनवरून केलं होतं. त्यांची हालचाल सुधारली, दुखणं कमी झालं, हॉस्पिटलमध्ये राहण्याचे दिवसही घटले. तिथे छान चित्रीकरण नव्हतं, संगीत नव्हतं. एक जाणता माणूस ठरल्या वेळी फोन करत होता, काय जमलं काय नाही ते विचारत होता आणि त्याप्रमाणे व्यायाम बदलत होता. ऑनलाइन कार्यक्रमाचे पैसे द्यायचे ते याच गोष्टीचे.

सध्या फिरणाऱ्या एका बातमीबद्दलही सांगते. "व्यायामाने कॅन्सर परत येत नाही" असं म्हणत २०२५ चा एक अभ्यास पाठवला जातो. तो अभ्यास चांगला आहे, पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा आहे, आणि ऑपरेशन व केमो पूर्ण झालेल्या रुग्णांचा. त्याच्या जोरावर फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये आयुष्य वाढवून देतो म्हणणारा कार्यक्रम सरळ बाजूला ठेवा.

आता कार्यक्रम घेणाऱ्यांनी तुम्हाला काय विचारायला हवं ते. पहिला प्रश्न हाडांचा. पुढच्या स्टेजमधल्या साधारण ३० ते ४० टक्के रुग्णांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर हाडांत जातो. मणका, बरगड्या, खुबा, मांडीचं हाड. मणक्यात गाठ असेल तर कमरेतून पिळणं, खाली वाकून वजन उचलणं वर्ज्य. मांडीच्या हाडात असेल तर त्या पायावर किती भार द्यायचा हे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उभ्याचे व्यायामसुद्धा नाहीत. ताजा स्कॅन रिपोर्ट न मागता कोणी डंबेल किंवा रबरी पट्टा हातात घ्यायला सांगत असेल, तर तो वर्ग कितीही मोठ्या नावाचा असो, तिथून उठा. मेंदूत गाठ आहे का, कधी फिट आली होती का, हेही त्यांनी विचारायला हवं.

मग रक्ताचे रिपोर्ट. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली असताना मी जोर लावायचे व्यायाम थांबवते आणि २० हजारांच्या खाली डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच करून घेत नाही. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर व्यायाम नाहीच, आधी हॉस्पिटलला फोन. केमो चालू असताना ताप आपोआप उतरायची वाट पाहायची नसते. तळपायाला मुंग्या किंवा बधिरपणा आहे का, हा प्रश्नही हवा, कारण सिस्प्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल यांसारख्या औषधांनी तो येतो आणि माणूस तोल जाऊन पडतो.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत इम्युनोथेरपीचा प्रश्न तर टाळताच येणार नाही. या औषधांनी क्वचित फुप्फुसाला सूज येते. सुरुवात कोरड्या खोकल्याने होते, किंवा नेहमीच्या चालण्याला अचानक जास्त दम लागतो. घरच्यांना वाटतं रोग वाढला, किंवा व्यायाम जास्त झाला. म्हणून मी प्रत्येक वर्गाच्या सुरुवातीला विचारते की कालच्यापेक्षा आज काही वेगळं वाटतंय का. व्यायामाने लागलेला दम बसल्यावर काही मिनिटांत खाली येतो. जो येत नाही, किंवा दोन-तीन दिवसांत वाढत गेलेला असतो, तो डॉक्टरांचा विषय. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, छातीत दुखून अचानक धाप, चेहरा आणि मान सुजणं, पाठीत नवीन दुखणं आणि पायांतली ताकद जाणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं, यांपैकी काहीही झालं तर वर्गाची वेळ पाहायची नाही, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं.

रेकॉर्ड केलेले व्हिडिओ की लाइव्ह वर्ग? तुमच्या वडिलांच्या आजच्या अवस्थेत लाइव्ह, आणि पहिले काही तर एकट्याचेच. रेकॉर्डिंगला त्यांचे ओठ निळसर झालेले दिसत नाहीत. पुढे गटात बसायला हरकत नाही, उलट बरोबरीची माणसं दिसली की हुरूप येतो. पण गट एवढा लहान हवा की शिकवणाऱ्याला प्रत्येक चेहरा दिसेल. पत्ता आणि घरातल्या दुसऱ्या माणसाचा फोन नंबर त्यांनी आधीच लिहून घेतला पाहिजे. पलीकडे माणूस कोसळला तर स्क्रीनमधून हात घालता येत नाही. फोन किंवा लॅपटॉप कमरेच्या उंचीवर, थोडा बाजूला ठेवा, म्हणजे डोक्यापासून पावलांपर्यंत सगळं दिसेल. खुर्ची बिनचाकांची, हातांची, पाठ भिंतीला टेकवलेली. पहिले काही वर्ग तुम्ही शेजारच्या खोलीत राहा.

बोटाला ऑक्सिमीटर लावा, पण बोटं गार असतील किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकतो, हे लक्षात ठेवा. श्वसन पुनर्वसनात रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली गेला की थांबायचं, असं बरेच जण धरतात. तुमच्या वडिलांची मर्यादा मात्र त्यांच्याच डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आकड्याइतकंच बोलणं महत्त्वाचं. व्यायाम करताना एक वाक्य सलग बोलता आलं तर जोर ठीक आहे, दोन शब्दांत श्वास तुटला तर जास्त. शून्य ते दहाच्या बोर्ग मोजपट्टीवर (दम किती लागतोय ते रुग्णाने स्वतः आकड्यात सांगायचं) दम तीन-चारच्या आसपास राहावा.

प्रत्यक्ष वर्ग कसा असावा म्हणाल तर सुरुवातीला अगदी साधा. खुर्चीवरून उठणं-बसणं हाच मुख्य व्यायाम. सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीला सहसा ३० मीटरचा सरळ रस्ता लागतो, तो घरात नसतो. म्हणून ऑनलाइन आम्ही एका मिनिटात किती वेळा उठता-बसता येतं ते मोजतो आणि महिन्याने पुन्हा मोजतो. एक मिनिट हालचाल, मग एक-दोन मिनिटं विश्रांती, अशा तुकड्यांत केलं तर सलग पाच मिनिटं न जमणारा माणूसही एकूण दहा मिनिटं करून जातो. जोर लावताना श्वास सोडायचा. हात डोक्यावर नेण्याचे व्यायाम नंतर, कारण खांद्याभोवतीचे काही स्नायू धाप लागलेली असताना श्वासालाही मदत करत असतात, ते हातात गुंतले की दम वाढतो. धाप लागलीच तर पुढे झुकून कोपर गुडघ्यांवर टेकवायचे आणि ओठ चंबूसारखे करून सावकाश श्वास सोडायचा. हे पहिल्याच दिवशी शिकवलं जायला हवं, म्हणजे दमाची भीती कमी होते. केमोनंतरच्या थकव्याच्या दिवसांत कार्यक्रम आपोआप हलका झाला पाहिजे. दर आठवड्याला ठरल्याप्रमाणे वाढवतच नेणारा तक्ता आपल्या कामाचा नाही.

राहिलं वडिलांचं "आता कशाला". त्यांना व्यायामाचं महत्त्व पटवू नका. त्यांना काय करायला जमावं असं वाटतं, एवढंच विचारा. कोणाला आधाराशिवाय अंघोळ करायची असते, कोणाला एका दमात जिना चढायचा असतो. जे सांगतील ते शिकवणाऱ्याला कळवा आणि तेच ध्येय ठेवायला सांगा. वर्ग चालू असताना तुम्ही कॅमेऱ्यामागून सूचना देऊ नका. मुलांसमोर धापा टाकणं बापाला नकोसं होतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. आणि ज्या दिवशी अजिबात त्राण नसेल त्या दिवशी वर्गात नुसतं येऊन बसले, दोनदा उठले-बसले, तरी त्यांना अडवू नका.

या आठवड्यात एवढं करा. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा: रोग हाडांत किंवा मेंदूत आहे का, ऑक्सिजन किती खाली जाऊ द्यायचा, हृदयाची काही अडचण आहे का. उत्तरं लिहून घ्या, रक्ताचे रिपोर्ट जोडा आणि जो कार्यक्रम मनात आहे त्यांना पाठवा. त्यावर त्यांच्याकडून उलट प्रश्न आले तर नाव नोंदवा. काहीही न विचारता वर्गाची लिंकच आली, तर दुसरा कार्यक्रम शोधा.