विजोड विवाह की विजोड जोडपं?

प्रश्न असा आला आहे. जर्मेन द्युलाक या दिग्दर्शिकेचा 'ला सुरियांत मादाम बदे' हा 1923चा फ्रेंच मूकपट एका चित्रपट मंडळात दाखवायचा आहे. पत्रकात 'विजोड विवाहाची कथा' असं लिहिलं, तेव्हा मंडळातल्या एकांनी हरकत घेतली. 'विजोड म्हटलं की म्हातारा नवरा आणि कोवळी बायको डोळ्यांसमोर येतात. इथे तसं काही नाही. अनमेल किंवा विषम विवाह लिहा,' असं त्यांचं म्हणणं. बरोबर काय?

माझ्या मते 'विजोड' अगदी चपखल आहे, तो ठेवाच. खटकतो तो त्याच्या पुढचा शब्द, 'विवाह'.

आधी विजोडबद्दल. या शब्दाचा वयाशी मुळात काही संबंध नाही. एका संचातला कप आणि दुसऱ्या संचातली बशी एकत्र आली की घरात कुणीही म्हणतं, 'हे विजोड दिसतंय.' कपाला तडा नसतो, बशीही धड असते. दोष कुणा एकाचा नाही, तो दोघांना एकत्र ठेवण्यात आहे. हा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा, कारण त्याच्या सख्ख्या भावंडांचे अर्थ थेट उलटे आहेत. 'अजोड' आणि 'बेजोड' ही स्तुती. अजोड कामगिरी, बेजोड अभिनय. ज्याला जोडच मिळणार नाही, ते अजोड. 'वि' मात्र जोड नाकारत नाही, ती बिनसली आहे असं सांगतो. विसंवाद, विसंगती या शब्दांतही तेच: संवाद आहे, पण सूर लागत नाही. शेजारच्या गुजरातीत अशा जोडप्याला 'कजोडुं' असं स्वतंत्र नामच आहे. आपल्याकडे विशेषणावर भागतं.

मग वयाची छटा कुठून आली? माझा तर्क आहे की 'संगीत शारदा'मुळे. गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक 1899चं. पैशासाठी मुलगी विकायला निघालेला कांचनभट आणि बोहल्यावर चढायला आतुर झालेला भुजंगनाथ. 'म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान' हे पद आजही लोकांना पाठ आहे. त्या चर्चेतून 'जरठ-कुमारी विवाह' हा शब्दप्रयोग रूढ झाला आणि विजोड म्हटलं की पुष्कळांना तेवढंच आठवू लागलं. (1929च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला शारदा कायदा म्हणतात ते या नाटकावरून, असाही समज आढळतो. ते नाव हरबिलास सारडा यांच्यावरून पडलं.)

'अनमेल' हा हिंदीचा शब्द. प्रेमचंदांच्या 'निर्मला'ची चर्चा तिकडे याच शब्दात होते, आणि तिथेही कोवळी मुलगी व प्रौढ विधुरच आहे. म्हणजे हरकत घेणाऱ्यांना जी छटा टाळायची आहे, तीच त्यांच्या शब्दात जास्त गडद आहे. शिवाय मराठीत आपण मेळ 'बसत नाही' म्हणतो, अनमेल म्हणत नाही. 'विषम' वाचून मला विषमताच आठवते, म्हणजे जात, पैसा, दर्जा. फ्रेंचांकडे त्यासाठी 'मेझालियांस' आहे, कमी दर्जाच्या घराण्याशी केलेली सोयरीक. पण बदे पती-पत्नीत तसलं अंतर नाही.

त्यांच्यात काय आहे? फ्रान्समधलं एक लहान शहर. नवरा कापडाचा व्यापारी. बायको वाचणारी, पियानोवर दब्युसी या फ्रेंच संगीतकाराच्या रचना वाजवणारी. त्याला 'फाउस्ट' ऑपेरा बघायला जायचं असतं, तिला नसतं. तो पियानोला कुलूप लावतो आणि किल्ली घेऊन निघून जातो. टेबलावर एक फुलदाणी आहे. नवरा ती बरोबर मध्यभागी ठेवतो, बायको ती थोडी बाजूला सरकवते. एवढंच. पण माझ्या मते अख्ख्या पटात विजोडपणा याहून नेमका कुठे दिसत नाही. भांडण नाही, शब्द नाही (मूकपटच तो), फक्त एका वस्तूची जागा. दोघांपैकी चूक कोण, याचं उत्तरही फुलदाणी देत नाही.

नवऱ्याला आणखी एक खोड आहे. राग आला की रिकामं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या डोक्याला लावून गंमत करायची. एके रात्री ती त्यात गोळ्या भरून ठेवते. सकाळी पस्तावते, काढून घ्यायला धडपडते, पण जमत नाही. या वेळी तो ते तिच्यावर रोखतो, बार उडतो, नेम चुकतो. त्याला वाटतं, तिनं स्वतःला संपवण्यासाठीच गोळ्या भरल्या होत्या. तो तिला मिठी मारतो. बायकोला इतक्या जवळ घेऊनही त्याला ती कळलेली नाही. नंतर दोघं रस्त्यानं चालत जातात आणि पडद्यावरची पाटी सांगते की त्यांना सवयीनं एकत्र बांधलं आहे. जोड आहेच, म्हणून तर ती विजोड.

आता 'विवाह'. या पटात लग्न कुठेच होत नाही. मराठीत लग्न आणि विवाह म्हणजे मुख्यतः तो प्रसंग: मुहूर्त, अक्षता, मांडव. त्यानंतर वर्षानुवर्षं जे चालतं त्याला आपण संसार म्हणतो. 'शारदे'त 'विवाह' शोभतो, कारण तिथला सगळा झगडा लग्न लागू नये यासाठीच आहे, आणि ते ऐन मांडवात मोडतंही. बदेबाईंचं लग्न कधीच होऊन गेलं आहे, त्यांच्या वाट्याला उरला आहे तो संसार. म्हणून 'विजोड संसाराची कथा' किंवा 'एका विजोड जोडप्याची कथा' लिहा. मला दुसरं अधिक आवडतं, कारण विजोड आणि जोडपं या दोन्हींत तीच 'जोड' आहे आणि ती कानाला लगेच कळते.

कुणीतरी 'छत्तीसचा आकडा' सुचवलं होतं, असंही प्रश्नात आहे. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून उभे, ही कल्पना सुरेख आहे, पण तो आकडा उघड वैरासाठी वापरतात. शिवाय पत्रिका जुळवताना छत्तीस गुण जुळणं हा कळस. लग्नाच्या विषयात छत्तीस घातले की वाचणारा क्षणभर अडखळतो.

जाता जाता एक सांगावंसं वाटतं. फ्रेंचमध्ये मध्ययुगापासून 'माल मारिए'ची गाणी आहेत, मनाजोगता नवरा न मिळालेल्या बाईची तक्रार. द्युलाक यांची बदेबाई मला त्याच ओळीतली वाटते. आपल्याकडे ती तक्रार भोंडल्यात हसत-खेळत गातात: 'श्रीकांता कमलाकांता असं कसं झालं, असं कसं वेडं माझ्या नशिबी आलं.' बायको करंज्या करते, तो होड्या समजून पाण्यात सोडतो. नवऱ्यासाठी इथे 'वेडा' नाही, 'वेडं' आहे. यमक जुळतंच, पण त्या नपुंसकलिंगात वैताग आणि माया दोन्ही आहेत. पत्रकात जागा असेल तर ही ओळ जरूर छापा. फक्त बदेबाईंच्या वाट्याला असं फेर धरून गाणाऱ्या मैत्रिणी नाहीत, हेही सोबत लिहा.