बिट लवकर जातंय? आधी रॉडवर हात ठेव

अरे, बोअरवेलच्या मशीनवर पहिल्याच महिन्यात दोन बिटं (रॉडच्या टोकाला खडक फोडणारं असतं ते) गेली म्हणून एवढं घाबरू नको, सगळ्यांची जातात. आपल्याकडे रत्नागिरीच्या सड्यावर (उघड्या पठारावर) वर जांभा, खाली चिकट माती आणि मग एकदम काळा कातळ, आणि नवीन माणूस जांभ्यातला जोर तसाच ठेवून कातळावर जातो तिथेच घात होतो. थर बदलला की फीड (बिटावर खाली दाबायचा जोर) कमी कर, बिटाला नीट बसू दे, मग हळूहळू वाढव.

बिट खाली आपटत असेल तर रॉड उड्या मारतो, तो हाताला कळतो. बहुतेकदा जोर कमी पडलेला असतो. उलट जोर जास्त झाला की फिरणं अडकतं आणि मग झटक्यात सुटतं, त्यात बिटाच्या तोंडावरची कार्बाइडची (कडक धातूची) बटणं टवके उडून जातात. साडेसहा इंची हॅमरला (हवेच्या जोरावर बिटाला ठोके देतो तो) मिनिटाला २०-३० फेरे खूप झाले, जास्त फिरवलंस तर कडेची बटणं आधी झिजतात. आणि उलटं कधीच फिरवू नको, आटे सुटून हॅमर खाली राहतो (माझा राहिलाय, मालकाचं तोंड अजून आठवतं).

नवीन पोरं हमखास चुकतात ते:
- बटण एक तृतीयांश सपाट झालं तरी घासून घेत नाहीत
- जुन्या बिटाने अर्धी बोअर मारून त्यातच नवं कोरं बिट घालतात. झिजलेल्या बिटाचं भोक बारीक असतं, नवं अडकणारच

हवेचं प्रेशर वगैरे नंतर बघू, आधी महिनाभर नुसता आवाज ऐक.