नाणे टाका, कपडे धुवा

प्रश्न : म्हापशातील आमच्या इमारतीत भाडेकरूंसाठी नाण्यावर चालणारे वॉशिंग मशीन बसवण्याचा विचार आहे. ते नाणे कसे ओळखते आणि अर्ध्या तासात कपडे खरेच स्वच्छ होतात का?

उत्तर : खाचेतून घरंगळणारे नाणे तारेच्या वेटोळ्यांजवळून जाते, तेव्हा तेथील चुंबकीय क्षेत्रात होणाऱ्या बदलावरून त्याचा धातू व आकार तपासला जातो, ते जुळले की नियंत्रकाला विद्युत संकेत मिळतो आणि ठरलेली रक्कम भरल्यावरच यंत्र सुरू होते. आपल्याकडे एकाच किमतीची वेगवेगळ्या आकारांची नाणी चलनात असल्याने टोकन ठेवणे अधिक सोयीचे पडेल.

रोजच्या मळासाठी अर्धा तास बहुधा पुरतो, कारण समोर दार असलेल्या यंत्रात ड्रम कपडे उचलून पुन्हा पाण्यात आपटतो, जवळजवळ आपल्या धोंडीवरच्या धुण्यासारखेच. मात्र ड्रम ठासून भरला, तर ही आपटणी होतच नाही, आणि पावडर जास्त घातली, तर फेसामुळे आपटणीचा जोर कमी होऊन खळबळूनही साबण उरतो. किनाऱ्यावरून आलेले टॉवेल आधी झटकायला सांगा. वाळू निचऱ्याच्या वाटेत साचते. पावसाळ्यात कपडे वाळतच नसल्याने पिळण्याचा वेग अधिक असलेले यंत्रच घ्यावे.