कॅमोमाईलचं (ज्याच्या फुलांचा चहा करतात त्या झाडाचं) बी दोनदा पेरलं, काहीच उगवलं नाही. बी खराब असेल का?

तुम्ही लिहिलंय की अर्धा इंच खोल पेरलं, रोज झारीने पाणी घातलं आणि तीन आठवडे होऊनही एक कोंब नाही. बी बहुतेक चांगलंच असणार हो, ते गाडलं गेलंय. माझं पहिलं पाकीट असंच वाया गेलं होतं आणि तेव्हा फार वाईट वाटलं होतं म्हणून सविस्तर लिहिते.

कॅमोमाईलच्या बीला उगवायला उजेड लागतो, आणि ते इतकं बारीक असतं की १ ग्रॅममध्ये हजारो बिया बसतात, एवढ्याशा बीत अर्धा इंच माती फोडून वर यायची ताकद कुठून येणार! मी आता पसरट कुंडीत चाळलेली माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरते, आधीच भिजवून निथळू देते, मग चिमूटभर बी चमचाभर कोरड्या वाळूत मिसळून वर भुरभुरते, वाळूमुळे एकाच जागी ढीग होत नाही आणि कुठे पडलं तेही कळतं. वर माती टाकायचीच नाही. तळहाताने हलकं दाबायचं, बी मातीला चिकटलं की झालं.

आणि झारी नको, तिच्या धारेने बी वाहून कडेला गोळा होतं. स्प्रे मारा नाहीतर कुंडी पाण्याच्या ताटात ठेवा, ओल खालून चढते. वरचा थर सुकू द्यायचा नाही कारण फुटलेलं बी एकदा सुकलं की संपलं. हवा थंडसर, १५ ते २० अंश असेल तर आठवडा-दोन आठवड्यांत टाचणीच्या डोक्याएवढी दोन-दोन पानं दिसतील, अगदी जवळ जाऊन बघावं लागतं. प्लॅस्टिक झाकलं असेल तर त्याच दिवशी काढा, कोंदट हवेत बुरशी लागून रोपं बुडाशी सडतात आणि आडवी पडतात.

दाट उगवलं तर उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात, कात्रीने कापा आणि १५-२० सेंमी अंतर ठेवा. खत फार नको, नुसता पाला वाढतो. मावा (रस शोषणारे बारीक किडे) येतो, पाण्याच्या फवाऱ्याने जातो.

कॅमोमाईलचे दोन प्रकार मिळतात, पाकिटावर जर्मन आहे का रोमन तेही बघा. जर्मन वर्षायू, म्हणजे एकाच मोसमात संपणारं, पेरल्यापासून साधारण दोन महिन्यांत फुलतं, रोमन बहुवर्षायू, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणारं, आणि जमिनीलगत पसरतं. पाकीट फेकलं असेल तर फूल उभं चिरा, पिवळी घुंडी आतून पोकळ असेल तर जर्मन. पांढऱ्या पाकळ्या आडव्या पसरलेल्या असतानाच फुलं खुडायची, खाली वळायला लागल्या की उशीर झाला. सावलीत पातळ पसरून वाळवा.

चहासाठी लावताय म्हणून एक सांगते, शेवंती-झेंडूच्या कुळातलं झाड आहे, त्या कुळाची अॅलर्जी असेल तर पिऊ नका, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

थोडी फुलं झाडावरच वाळू द्या. बी आपोआप खाली सांडतं आणि पुढच्या मोसमात तिथेच उगवतं, फक्त तेवढ्या जागेची माती खणून उलटीपालटी करू नका.